वाकडे टाके

"एजे, तू उगाच जीव खालीवर करतेस. जुनं आहे तस्सं आहे. नवीन बाजूला वेगळं घातलंय. तुझ्या कामाला धक्कासुद्धा लागणार नाही."

तिलेक हे म्हणाला तेव्हा मी एका नवरीच्या हनुवटीवरची पुटकुळी पुसत होते. मान वर न करताच विचारलं, "आणि लागला तर?"

"तर माझे कान काप."

तिलेक माझा धाकटा भाऊ. नारिनच्या बाजारात, कबरीचे दगड कोरणाऱ्यांच्या ओळीला लागून आमचं फोटोचं दुकान आहे. तो लग्नं टिपतो, मी कॉम्प्युटरसमोर बसून चेहरे नीट करते. माझं नाव बुरुल, पण बाजारात सगळे मला एजेच, म्हणजे ताईच म्हणतात, माझ्याहून मोठे लोकसुद्धा. मी चिडले की सगळ्या गावाची थोरली बहीण होते, म्हणून असेल. आणि चेहरे नीट करण्यात माझा हात धरणारं इथे कोणी नाही. हे मीच सांगते, कारण दुसरं कोणी सांगायची वाट बघत बसले तर म्हातारी होईन. देवीचे व्रण, उन्हानं फाटलेले गाल, तिरळा डोळा, मिटलेली पापणी, काहीही आणा. सासरच्या लोकांनी नवरी ओळखली नाही असंही एकदा झालंय, आणि ते खूश होते.

तर हे नवीन. अल्माटीची कुठलीशी कंपनी फोटो सुधारायचा नवा प्रोग्राम बनवत होती. अजून कच्चा होता. विकायला काढायच्या आधी चार फोटोवाल्यांनी वापरून बघायचा आणि कुठे अडतो ते कळवायचं. फुकट. फुकट म्हटलं की आमच्या तिलेकचे कान टवकारतात. कंपनीनं बजावलं होतं, की रोजच्या कामाचा प्रोग्राम काढू नका, हा त्याच्या शेजारी वेगळा ठेवा, आणि खऱ्या फोटोंवर चालवू नका, प्रतींवर चालवा. तिलेकनं यातलं सगळं केलं. म्हणजे सगळं केलं असं त्याला वाटलं.

नव्याची ऐट काय, तर तो म्हणे तुमचा हात शिकतो. तुम्ही आजवर काय काय पुसलंत, कुठे उजळ केलंत, डोळा किती उघडलात, ते बघतो आणि मग तसंच आपलं आपण करतो. "एजे, तू घरी बसशील आणि तुझा हात इथे काम करेल," तिलेक म्हणाला. मी म्हटलं, "माझा हात माझ्याजवळच बरा आहे. तुझ्या गालावर लागतो कधीकधी."

आता एर्मेकचं सांगते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

एर्मेक अत-बाशीच्या वरच्या अंगाचा. मेंढ्या राखायचा. त्याची आई उमसुनाय, तोही आणि आम्हीही तिला अपा म्हणतो, लोकरीचे नमदे शिवते. तिच्या हातचा नमदा जमिनीवर घालायला माणूस कचरतो, इतका देखणा. एका उन्हाळ्यात वर कुरणावर घोडीनं लाथ झाडली आणि पोराची भुवई उभी फाटली. नदी चढलेली, पूल वाहून गेलेला, डॉक्टर पलीकडे. रक्त थांबेना. तेव्हा ह्या बाईनं नमद्याची सुई मिठाच्या पाण्यात उकळली आणि पोटच्या पोराची भुवई शिवली. तो जगला. व्रण राहिला, चांगला जाडजूड.

तेव्हापासून पोरगा कल्पाक भुवयांपर्यंत ओढायला लागला. तशी आमच्याकडे पुरुषांच्या डोक्यावरची ती पांढरी उंच टोपी चारचौघांत उतरतच नाही, त्यामुळे कोणाला वावगं वाटलं नाही. फोटोतही तो तसाच. त्याच्या मित्राच्या, नुर्दिनच्या लग्नात तो नवरदेवाचा पाठराखा होता. प्रत्येक फोटोत नाक, तोंड, हसू, आणि वर कल्पाकची कड. एकदाच काय तो नाचून घामाघूम होऊन खिडकीशी आला आणि त्यानं कल्पाक काढून कपाळ पुसलं. मी तिथेच होते. तिलेक जेवायला बसलेला, म्हणून कॅमेरा माझ्या हातात होता. खिडकीतून असा काही उजेड येत होता की न टिपते तर पाप लागलं असतं.

कॅमेऱ्यावर त्याला दाखवला आणि म्हटलं, "हा व्रण मी असा घालवते, की तुलाच तुझी ओळख पटणार नाही."

"नको एजे," तो म्हणाला. "पुसू नका. अपाचे टाके आहेत ते."

मी पुसला नाही. त्या लग्नातला त्याचा एकही फोटो मी सुधारला नाही. माझ्या अख्ख्या दुकानात माझा हात न लागलेला तेवढा एकच चेहरा.

मागच्या हिवाळ्यात डोंगरावरून बर्फ सुटलं आणि एर्मेक मेंढ्यांसकट गेला.

उमसुनाय अपाकडे जाऊन मी रडून आले, तेव्हाच तिच्या कानात सांगितलं होतं, "अपा, माझ्याकडे त्याचा एक फोटो आहे. टोपी नसलेला. स्वच्छ." ती म्हणाली, "तुझ्याजवळच असू दे, पोरी. दगड करायच्या वेळी घेईन." वर्षभर ज्या घरात मेलेल्यासाठी कुराण वाचतात, तिथे त्याचा फोटो ठेवत नाहीत. असलेलेही उलटे करून ठेवतात. फरिश्ते येत नाहीत म्हणतात. कबरीच्या दगडावर चेहरा कोरलेलाही मुल्लाला आवडत नाही, पण तिथे कोणी मुल्लाचं ऐकत नाही. तर वर्षभर तो फोटो कागदावर उतरला नाही. माझ्याकडे आहे, म्हणजे कुठे जातोय, असं तीही समजली आणि मीही समजले.

माणूस जाऊन वर्ष झालं की घालतात त्या जेवणाच्या आधी, खिंडीत बर्फ पडायला लागलेलं असताना, ती आली. सोबत वाळवलेल्या दह्याच्या गोळ्यांची पिशवी, माझ्यासाठी. शेजारच्या कुबातनं काळा दगड घासून पुसून मशीनखाली ठेवला होता. मशीनला चेहरा कोरायला अख्खी रात्र लागते. सकाळी ट्रक दगड घेऊन वर जाणार होता, आणि त्यानंतर रस्ता कधी बंद होईल ते अल्लालाच ठाऊक. पाहुणे, नातेवाईक, सगळं खोरं जेवणाला येणार आणि दगड उभा असणार. एवढीच त्या बाईची इच्छा होती. वर्षभर ती ह्या एका दिवसावर तग धरून होती.

मी तिला खुर्ची दिली, चहा दिला, आणि माझ्या जुन्या प्रोग्राममध्ये नुर्दिनचं लग्न उघडलं. एकदम ठणठणीत, कुठे अडखळला नाही की काही नाही. खिडकीचा फोटो आला.

अपा पुढे वाकली. मग अगदी हळू, माझी चूक झाली तर मला वाईट वाटू नये अशा बेतानं म्हणाली, "हा नाही, पोरी. हा दुसऱ्याच कोणाचा मुलगा दिसतोय. माझा उघड."

मी बघितलं.

खिडकी तीच. उजेड तोच. हातात कल्पाक तोच. पण पोरगा गुळगुळीत. वाऱ्यानं भेगाळलेले गाल लोण्यासारखे. एक पापणी किंचित उतरलेली असायची त्याची, ती वर. आणि भुवया दोन्ही सरळ, अखंड, नदीकाठच्या गवतासारख्या. व्रणाचा मागमूस नाही. आणि काम कसं, तर माझंच. अगदी माझी पद्धत. मी पुसला असता तर तसाच पुसला असता.

"तिलेक!" मी अशी ओरडले की कुबात मशीन सोडून धावत आला.

तिलेक आला, बघितलं, आणि सगळं सांगून मोकळा झाला. नव्या प्रोग्रामला त्यानं "सगळं शिकून घे आणि राहिलेले चेहरे नीट कर" असं सांगून ठेवलं होतं. खऱ्या फोटोंवर नाही, प्रतींवर. "प्रत काढली होती मी, शप्पथ! सगळ्या कॅटलॉगची प्रत काढली होती!"

"आणि कॅटलॉग म्हणजे काय रे?"

"म्हणजे... कुठला फोटो कुठे ठेवलाय त्याची..." आणि तिथेच त्यानं कपाळावर हात मारून घेतला.

समजलं का? ह्या शहाण्यानं घराच्या पत्त्याची प्रत काढली आणि त्याला वाटलं घर दुसरं झालं. दोन सुनांना दोन चुली मांडून दिल्या, पण पिठाचं पीप एकच. नवी सून त्याच पिपात हात घालून बसली. एकेक चेहरा उचलला, माझ्या हातानं सुधारला, आणि जुन्याच्या जागी ठेवून दिला. अल्बम दिला की कॅमेऱ्यातल्या मूळ फाइली आम्ही पुसतो, जागा पुरत नाही. आणि रोज संध्याकाळी आपोआप दुसऱ्या डिस्कवर नक्कल उतरते, म्हणजे हे गुळगुळीत पोरगंच तिकडेही जाऊन बसलं होतं. जुना प्रोग्राम मात्र सुखरूप! त्याला खरंच धक्का लागला नव्हता.

"मेल्या," मी म्हटलं, "मला तुझ्या कानांचं काय लोणचं घालायचंय?"

तो खुर्ची ओढून बसला आणि पुसलेलं परत आणायची जी काही औषधं असतात ती एकामागून एक चालवायला लागला. कंपनीला फोन केला. तिथल्या पोरीनं गोड आवाजात सांगितलं, की चाचणीची आवृत्ती आहे, प्रत ठेवा असं लिहिलं होतं ना? बैल गेला आणि झोपा केला. मी फोन हिसकावून घेतला आणि तिला जे बोलले ते इथे लिहीत नाही.

उमसुनाय अपा चहाचा कप हातात धरून बसली होती. तिला एवढंच कळलं होतं, की काहीतरी हरवलंय. "सापडेल ना?" तिनं विचारलं. तिलेक बटणं दाबतच राहिला, तेव्हा ती माझ्याकडे वळली. "बुरुल, तू म्हणाली होतीस तुझ्याकडे आहे."

म्हणाले होते.

मग सुरू झाली धावाधाव. फोटो मी एर्मेकला पाठवला होता, तो तिलेकच्या फोनवरून, आणि तो फोन उन्हाळ्यात सोन-कुलच्या तळ्याच्या तळाशी गेला. एर्मेकचा स्वतःचा फोन? मेलेल्याला जो आंघोळ घालतो त्याला त्याचे कपडे-वस्तू देतात. त्याच्या काकानं घातली होती. काका रशियात, इमारतीवर विटा चढवतोय. त्याला अपानंच फोन लावला. "फोन आहे की, हाच तो," काका म्हणाला, "पण मी सगळं साफ केलं वहिनी. पोराचं काही दिसलं की हात चालत नव्हता माझा." ओळखपत्र? ते माणूस मेल्यावर सरकारात जमा. शाळेतले फोटो? त्यात व्रण नाही, तेव्हा तो झालाच नव्हता. तिलेक उठला, पळत नुर्दिनच्या आईकडे गेला आणि लग्नाचा छापलेला अल्बम छातीशी धरून घेऊन आला. त्यात तरी खरा एर्मेक होता! उतरलेली पापणी, भेगाळलेले गाल, सगळं. पण डोक्यावर कल्पाक. भुवयांच्या खालचा एर्मेक मिळाला, वरचा नाही.

अल्बमवरून मी गाल परत खरखरीत केले. पापणी उतरवली. जन्मभर जे पुसलं ते परत आणायला बसले, आणि सांगते, पुसण्यापेक्षा फार कठीण असतं ते. तरी जमलं. राहिली भुवई.

कुबात मागे उभा राहून बघत होता. तो मनानं वाईट नाही, पण त्याला दगडाची घाई. "अहो, छान तर दिसतोय की! दगडावर व्रण कोण कोरून घेतं? मेलेल्याला तरी देखणा राहू द्या."

"देखणा?" अपा त्याच्यावर एवढी फिरली की तो मागे सरला. "देखणा कोण मागतंय रे? परक्याचं पोर माझ्या पोराच्या डोक्याशी उभं करू? मी त्याच्याशी काय बोलू?"

मी म्हटलं, "अपा, मी काढते. तुम्ही सांगा, मी काढते. कुठल्या भुवईवर होता?"

"उजव्या." तिनं लगेच सांगितलं. मग बोट स्क्रीनकडे गेलं आणि मध्येच थांबलं. "नाही. इकडे. डाव्या हाताला."

"त्याच्या डाव्या की तुमच्या डाव्या?"

"माझ्या... नाही, उजव्या. थांब." तिनं दोन्ही हात वर केले, एक इकडच्या भुवईपाशी, एक तिकडच्या, हवेतच. तोंड उघडं राहिलं होतं. "थांब ना जरा. सांगते. सांगते मी."

आता तुम्ही म्हणाल, तुला नाही आठवत? तू तर टिपलास. खरं आहे. पण ह्या धंद्यात चेहरे लक्षात राहत नाहीत हो, ज्याला हात लावला तेवढंच राहतं. त्याच्या भुवईला मी हातच लावला नव्हता. नुर्दिन कोरियात, त्याला फोन केला. म्हणाला, डावी, नक्की डावी. काकाला परत लावला. तो म्हणाला, उजवी, मी आंघोळ घातली, मला माहीत नाही? मग म्हणाला, मी तेव्हा नीट बघत नव्हतो. मी डावीवर काढून दाखवला, अपा म्हणाली, हो. उजवीवर काढला, तरी म्हणाली, हो. मग डोकं हलवायला लागली. "नाही. माहीत नाही. मला माहीत नाही."

आणि ती रडायला लागली. वर्षभरात मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं, प्रेत नेताना सुद्धा. "आई आहे ना मी? रोज बघितलं. रोज सकाळी चहा देताना बघितलं. एका वर्षात विसरले? कसली आई मी?" स्वतःच्या गालावर चापट्या मारून घ्यायला लागली. मी तिचे हात धरले, तिलेक कोपऱ्यात तोंड फिरवून उभा. बाहेर कुबात सांगत होता, उजेड चाललाय, आत्ता मशीन लावलं नाही तर सकाळी ट्रक निघायच्या आत चेहरा पुरा होणार नाही, जे काय ते आत्ताच ठरवा. माझ्या मनात आलं, कुठल्यातरी एका भुवईवर काढावा आणि खोटं सांगावं, आठवलं मला म्हणून. तोंडावर आलं होतं. पण चुकला असता, तर ती बाई मरेपर्यंत त्या दगडासमोर बसून स्वतःला विचारत राहिली असती.

मग अपानं नाक पुसलं आणि म्हणाली, "झोप."

"काय?"

"खाली झोप म्हणते ना. डोकं इथे."

फोटो काढायच्या पडद्यामागे तिनंच पूर्वी दिलेला नमदा पसरलेला असतो. ती खुर्चीवरून उठून त्यावर मांडी घालून बसली. मी गेले आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून उताणी झाले, पाय पलीकडे. तिनं डावा हात माझ्या कपाळावर दाबून धरला, चांगला जोरात. हाताला लोकरीचा आणि चरबीचा वास होता. उजव्या हाताची दोन बोटं जवळ आली, जशी सुई धरतात तशी. डोळे मिटलेले.

"हलू नकोस," ती म्हणाली. मला नाही. "हलू नकोस, माझ्या राजा. झालंच. नदीला पाणी आलंय, कोणाला बोलावू मी? तूच सांग कोणाला बोलावू? हलू नको रे."

आणि तिचा हात उतरला तो माझ्या उजव्या भुवईवर. विचार न करता, सरळ. टोचल्यासारखं केलं, ओढलं, गाठ दिली. परत टोचलं. प्रत्येक टाक्याला तिचा ओठ दाताखाली जात होता. मला खरंच दुखेल असं वाटत होतं.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिला दोन्ही आठवत होतं, आणि दोन्ही खरं होतं! तो असा मांडीवर झोपला की जखम तिच्या उजव्या हाताला. समोर उभा राहिला की तीच तिच्या डाव्या हाताला. बिचारी काही विसरली नव्हती.

"तिलेक," मी पडल्यापडल्या म्हटलं, "उजवी. त्याची उजवी."

पण अपाचा हात थांबला नव्हता. शेवटची गाठ देऊन तिनं दोरा तोडल्यासारखं केलं आणि तळवा तिथेच ठेवला. "मी वाकडं शिवलं," ती म्हणाली. "अख्ख्या खोऱ्यात माझ्यासारखी सरळ शिवण कोणाची नाही, आणि स्वतःच्या पोराला वाकडं शिवलं. हात कापत होते. म्हणून तो टोपी खाली ओढायचा. त्याला लाज वाटायची. माझ्या शिवणीची लाज वाटायची त्याला. कधी बोलला नाही, पण मला कळायचं."

मी ताडकन उठून बसले.

"लाज?" मला रागच आला, मेलेल्या पोराच्या वतीनं. "अपा, मी पुसणार होते तो व्रण. त्यानं पुसू दिला नाही. म्हणाला, पुसू नका, अपाचे टाके आहेत. मी विचारलं, मग टोपीखाली दडवतोस कशाला रे? तर म्हणाला, तिच्यासाठी. तिला दिसलं की ती रडायला लागते आणि तिचा चहा गार होतो."

ती कान पुढे करून वाकली. मला वाटलं, ऐकू आलं नाही की काय.

"चहा गार होतो म्हणाला?" तिनं विचारलं.

"चहा गार होतो म्हणाला."

तिनं मान हलवली. हळूहळू, बराच वेळ. मग हात टेकून उठली, माझ्या शेजारची खुर्ची ओढली आणि स्क्रीनला नाक लागेल इतकी जवळ बसली. "काढ," म्हणाली.

मी माझ्या जुन्या प्रोग्राममध्येच काढला. त्याच्या उजव्या भुवईवर, वरून खाली. जन्मभर पुसलेले सगळे व्रण आठवून आठवून. हाताची सवय अशी वाईट, की रेघ आपोआप नीटनेटकी यायला लागली.

"सरळ नको," अपानं माझ्या मनगटावर चापट मारली. "मी वाकडं शिवलं होतं. इथे दोरा ओढला गेला होता. इथे गाठ मोठी आली होती. अजून. अजून वाकडं काढ. हं."

मग मी बघितलं, तर ती माझ्याकडे नाही, त्याच्याकडे बघत होती. एर्मेक खिडकीशी उभा होता, घामाघूम, हातात कल्पाक धरून. तिलेक फाइल न्यायला मागे येऊन उभा राहिला, पण त्यालाही मागायचा धीर होईना.

अपानं डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं स्क्रीन पुसली, त्याच्या कपाळावरून, एकदाच.

"घाल आता टोपी," ती त्याला म्हणाली. "मी रडत नाही. वर थंडी असेल."